जमाव रंगमंचावर आला तेव्हा : फ्रेंच ग्रँड ऑपेराची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

२५ ऑगस्ट १८३०. ब्रुसेल्समधलं ल मॉने थिएटर गच्च भरलं होतं. निमित्त होतं राजाच्या वाढदिवसाच्या सोहळ्याचं. राजा म्हणजे नेदरलँड्सचा पहिला विल्यम, कारण आजचा बेल्जियम तेव्हा त्याच्या राज्यात होता. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर युरोपातल्या बड्या सत्तांनी १८१५ मध्ये नकाशावर रेघा मारल्या आणि डच व बेल्जियन लोकांना एकाच राज्यात कोंबलं. धर्म वेगळा, भाषेवरून भांडणं, कारभारात वरचष्मा डचांचा. त्यातच महिनाभरापूर्वी शेजारच्या पॅरिसमध्ये लोकांनी आपल्या राजाला गादीवरून पळवून लावलं होतं. हवा तापलेलीच होती.

त्या रात्री प्रयोग होता 'ला म्युएत द पोर्तिची' या फ्रेंच ऑपेराचा. म्हणजे 'पोर्तिचीची मुकी मुलगी'. संगीतकार ओबेर. गोष्ट १६४७ सालची. नेपल्समधला मासानिएल्लो नावाचा साधा कोळी स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड करतो, त्याची. दुसऱ्या अंकात तो आणि त्याचा मित्र मिळून मातृभूमीच्या प्रेमाचं एक गाणं गातात. ते सुरू झालं आणि प्रेक्षागृहाचा ताबा सुटला. लोक उठून उभे राहिले, ओरडायला लागले आणि रस्त्यावर आले. बाहेर आणखी लोक होतेच. जमाव एका सरकारधार्जिण्या संपादकाच्या घरावर चालून गेला. मग न्यायमंत्र्याचं घर पेटवलं. पुढच्या दिवसांत कारखान्यांतली यंत्रं फोडली गेली. ४ ऑक्टोबरला बेल्जियमने स्वातंत्र्य जाहीर केलं.

एका गाण्याने देश जन्माला घातला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते तितकंसं खरं नाही. पंधरा वर्षांचा राग साठलेला होता, पोटाचे प्रश्न होते, पॅरिसचं ताजं उदाहरण डोळ्यासमोर होतं. काडी दुसरीकडूनही पडली असती. पण पडली ती थिएटरात, हेही खरंच.

गंमत पुढे आहे. ब्रुसेल्सकरांनी त्या रात्री ऑपेराचा अर्धाच भाग मनावर घेतला. उरलेल्या अर्ध्यात काय होतं? मासानिएल्लोचं बंड यशस्वी होतं, मग त्याचेच लोक हाताबाहेर जातात. लुटालूट, जाळपोळ, सूड. तो हादरतो, शत्रूच्या कुटुंबाला आसरा देतो, आणि ह्या 'गद्दारी'बद्दल त्याचाच मित्र त्याला विष देतो. होय, तोच, ज्याच्याबरोबर ते देशप्रेमाचं गाणं गायलं होतं. शेवटी मासानिएल्लो आपल्याच माणसांच्या हातून मरतो, त्याची मुकी बहीण जीव देते आणि मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटतो. म्हणजे हा ऑपेरा क्रांतीची हाक होता, तितकाच क्रांतीनंतरच्या जमावाबद्दलचा इशाराही होता.

आज ह्या प्रकाराबद्दल लिहायचं कारण हेच. फ्रेंच ग्रँड ऑपेरा म्हटलं की लोकांना झगमगाट, भरजरी कपडे, महागडे सेट आठवतात. ते होतंच. पण त्या झगमगाटाच्या मधोमध एक नवं पात्र उभं होतं. ते म्हणजे जमाव.

आधी काय होतं, नवं काय आलं

ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक, हे ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधे पदं गातात. पॅरिस ऑपेरात मात्र सगळंच गायचं, 'आत या, बसा' सुद्धा. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये ह्या रंगमंचावर ग्रीक-रोमन देव, राजे, पुराणकथेतले वीर वावरत. समूहगायक असत, पण बहुतेकदा मागे उभे राहून नायकाच्या सुखदुःखावर मान डोलावण्यापुरते.

१८२८ च्या फेब्रुवारीत 'पोर्तिचीची मुकी मुलगी' पॅरिसमध्ये आली आणि हे बदललं. नायक कोळी. नायिका मुकी, म्हणजे गाण्याच्या नाटकात न गाणारी. ती भूमिका नर्तकीने करायची. आणि समूह हा आता कथेला ढकलणारा. पुढच्याच वर्षी रॉसिनीचा 'विल्यम टेल' आला. तिथेही स्विस शेतकऱ्यांचा उठाव. ह्या दोन कृतींनी साचा ठरवून दिला : मोठा आवाका (बहुधा पाच अंक), इतिहासातला एखादा रक्तरंजित प्रसंग, त्यात अडकलेली एक खासगी प्रेमकथा, प्रचंड समूहगान, मधे बॅले, आणि शेवटी डोळे दिपवणारी आपत्ती. हा साचा शब्दांत घडवणारा माणूस म्हणजे युजेन स्क्रीब. संहितेचा कारखानाच चालवायचा म्हणा ना. ह्या प्रकारातल्या बहुतेक गाजलेल्या संहितांवर त्याचं नाव आहे.

ज्यांनी हे लिहिलं आणि ज्यांनी पाहिलं, त्यांच्या घरात क्रांतीच्या आठवणी ताज्या होत्या. कुणाचा आजा गिलोटीनवर गेलेला, कुणाच्या बापाने तो सोहळा पाहिलेला. जमाव म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

सरकारी अनुदान, खासगी नफा

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला. ऑपेरा तोवर राजदरबाराच्या खर्चाने चालायचा आणि तोट्यात असायचा. नव्या सरकारने १८३१ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. थिएटर एका कंत्राटदाराला चालवायला दिलं. नफा त्याचा, तोटाही त्याचा. मात्र सरकार दरवर्षी अनुदान देणार, पहिल्या वर्षी आठ लाख फ्रँकहून थोडं जास्त, आणि बदल्यात त्याने ह्या राष्ट्रीय रंगमंचाला शोभेल असा थाट राखायचा. आज आपण ज्याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतो, तेच हे. दोनशे वर्षं जुनं.

हा कंत्राटदार लुई व्हेरों. पेशाने डॉक्टर, पण पैसा कमावला छातीच्या विकारावरच्या औषधाच्या धंद्यात. जाहिरात कशाशी खातात हे त्याला पक्कं माहीत होतं. नव्या राजवटीत पैसेवाला झालेला व्यापारी, वकील, बँकर हाच आता आपला प्रेक्षक, हे त्याने ओळखलं. मोठ्या सहा जणांच्या बॉक्समध्ये चार खुर्च्या केल्या, म्हणजे मध्यमवर्गीय श्रीमंताला परवडतील. नर्तकींच्या तालमीच्या दालनाचं दार बड्या वर्गणीदारांना उघडून दिलं. ह्या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ स्पष्टच आहे. गरीब घरच्या कोवळ्या मुली आणि काळ्या कोटातले आश्रयदाते. एदगार देगाने पुढे काढलेल्या बॅलेच्या चित्रांत पडद्याच्या कडेला उभे असलेले ते काळे कोट दिसतात.

टाळ्यांचीही व्यवस्था होती. ऑपेरात भाडोत्री टाळीबाजांची टोळी असे. तिचा व्हेरोंच्या काळातला म्होरक्या ऑग्युस्त लव्हास्यूर. हा गडी प्रयोगाआधी तालमी बघायचा, कुठे टाळ्या, कुठे 'वाहवा', कुणाला किती, हे ठरवायचा. प्रयोगाला त्याची माणसं प्रेक्षकांत विखुरलेली असत. एकाने सुरुवात केली की बाकीचे आपसूक ओढले जातात, हे त्यांना नेमकं ठाऊक. आज हेच काम मोबाईलवर होतं. फरक इतकाच, की ऑग्युस्तला सगळं पॅरिस नावाने ओळखायचं.

२१ नोव्हेंबर १८३१ ला मेयरबेअरचा 'रोबेर ल दियाब्ल' म्हणजे 'सैतान रोबेर' रंगमंचावर आला आणि व्हेरोंचं नशीब फळफळलं. पडक्या मठात, गॅसच्या दिव्यांच्या चांदण्यात, मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात, हा त्यातला प्रसंग युरोपभर गाजला. व्हेरों १८३५ मध्ये गब्बर होऊन बाहेर पडला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे धंदाच की सगळा! धंदा होताच. पण त्या धंद्याच्या पैशावर पुढच्या काही वर्षांत जे उभं राहिलं, ते बघा.

दोन ज्यू संगीतकार आणि धर्माच्या नावाने चालणारे खून

जाकोमो मेयरबेअर बर्लिनच्या एका श्रीमंत ज्यू घरातला. फ्रोमांताल आलेव्ही पॅरिसचा ज्यू. त्या काळात वर चढायचं तर बाप्तिस्मा घेणं हा राजमार्ग होता आणि पुष्कळांनी तो घेतला. ह्या दोघांनी नाही घेतला.

२३ फेब्रुवारी १८३५ ला आलेव्हीचा 'ला जुईव्ह' म्हणजे 'ज्यू मुलगी' आला. साल १४१४, शहर कॉन्स्टन्स, तिथे ख्रिस्ती धर्मपरिषद भरलेली. पहिल्याच अंकात सण चाललाय, कारंज्यांतून वाइन वाहतेय, लोक खूश आहेत. एलआझार नावाचा ज्यू सोनार सणाच्या दिवशी दुकानात ठोकठोक करतोय, आणि थोड्या वेळाने तोच खुशीतला जमाव त्याला आणि त्याच्या मुलीला तळ्यात बुडवायला निघतो. वाइन पिणारी तोंडं तीच, खुनाची आरोळी ठोकणारी तोंडंही तीच. पण स्क्रीब आणि आलेव्ही तिथेच थांबले नाहीत. एलआझारही देवमाणूस नाही. आपल्या मुलांना जाळणाऱ्यांबद्दलचा सूड त्याने उराशी जपलाय. ज्या रशेलला तो मुलगी म्हणून वाढवतो, ती खरं तर कार्डिनलची हरवलेली लेक. हे एक वाक्य सांगितलं तर ती वाचेल. तो ते सांगतो, पण तिला उकळत्या कढईत टाकल्यानंतर.

वर्षभराने, २९ फेब्रुवारी १८३६ ला, मेयरबेअरचा 'ले युग्नो' आला. विषय : १५७२ सालचं सेंट बार्थोलोम्यूचं हत्याकांड. ऑगस्टमधल्या त्या रात्री पॅरिसमधल्या कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांची, म्हणजे ह्यूगनॉट लोकांची, कत्तल सुरू केली. ज्या शहरात हे घडलं त्याच शहराच्या सरकारी थिएटरात ते दाखवायचं होतं. नाटकांवरची सेन्सॉरशिप काही महिन्यांपूर्वीच परत आली होती. राजमाता कॅथरीन द मेदिची हे पात्र काढायला लावलं गेलं. तिच्या तोंडचं काम सँ-ब्री नावाच्या सरदाराला दिलं. राज्यकर्ता सुटला, सरदार अडकला. कात्रीची ही सवय जुनीच आहे.

चौथ्या अंकात एक प्रसंग आहे. सँ-ब्री कॅथलिक सरदारांना एकत्र बोलावतो आणि कट समजावून सांगतो. घंटा वाजली की घराघरांत शिरायचं. तीन साधू येतात, तलवारी आणि खंजिरांना आशीर्वाद देतात. गाणं हलक्या आवाजात सुरू होतं, जवळपास प्रार्थनाच वाटते. मग एकेक आवाज मिसळत जातो, चढत जातो, आणि बघता बघता सगळं दालन एका सुरात खुनाची शपथ घेतं. शेवटी पुन्हा कुजबुज, आणि सगळे पाय न वाजवता निघून जातात. ऐकताना अंगावर काटा येतो तो ह्यासाठी, की संगीत सुंदर आहे. आपणही त्या लयीत ओढले जातो.

त्या दालनात एकच माणूस नाही म्हणतो. नव्हेर नावाचा सरदार. तोही कॅथलिक, तोही त्याच कळपातला, आणि तसा छचोर, बायकांत रमणारा. पण हा विचारतो, मारायचं कुणाला? उत्तर कळल्यावर सांगतो, माझ्या पूर्वजांत सैनिक पुष्कळ होते, खुनी एकही नव्हता. तलवार मोडून टाकतो. त्याला लगेच पकडून नेतात. पुढे निरपराधांना वाचवताना तो मारला गेल्याचं कळतं.

आणि शेवट? सँ-ब्री अंधारात समोरच्या लोकांवर गोळ्या झाडायचा हुकूम देतो. मशालीच्या उजेडात दिसतं, त्यांत त्याची स्वतःची मुलगी आहे.

'युग्नो' पॅरिस ऑपेरात हजाराहून जास्त वेळा झाला. तिथे हा आकडा गाठणारी ती पहिली कृती. दुसऱ्या शहरांना मात्र हा विषय पचला नाही. म्युनिकमध्ये तो 'अँग्लिकन आणि प्युरिटन' नावाने करावा लागला, म्हणजे खुनी परदेशी, मेलेलेही परदेशी. १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियात त्याच संगीतावर 'डिसेंबरिस्ट' नावाचं क्रांतिकारी कथानक चढवलं गेलं. आपल्या गावातला जमाव दाखवू नका, दुसऱ्याचा दाखवा, ही मागणी सगळ्या राजवटींची.

१८४९ मध्ये मेयरबेअरने 'ल प्रोफेत' म्हणजे 'प्रेषित' आणला. सोळाव्या शतकातल्या म्युन्स्टर शहरात एका साध्या खानावळवाल्याला तीन धर्मवेडे 'प्रेषित' बनवतात, लोक त्याच्या पाया पडतात, आणि ते ढोंग टिकवायला त्याला भर देवळात स्वतःच्या आईला ओळख नाकारावी लागते. चाकांच्या बुटांवरचं बर्फावरचं नृत्य आणि विजेच्या दिव्याने दाखवलेला सूर्योदय बघायला गर्दी लोटली. पण खुर्च्यांवर बसलेल्यांनी दहा महिन्यांपूर्वीच, १८४८ च्या जूनमध्ये, पॅरिसच्या रस्त्यांवर हजारोंचं रक्त सांडलेलं पाहिलं होतं.

मेयरबेअरचा शेवटचा ऑपेरा त्याच्या मृत्यूनंतर १८६५ मध्ये आला. त्याचा नायक आपल्या ओळखीचा आहे : वास्को द गामा. नाव 'लाफ्रिकेन', म्हणजे 'आफ्रिकन स्त्री', पण तिच्या देशातले पुजारी ब्रह्मा, विष्णू, शिवाच्या शपथा घेतात. पॅरिसला पूर्व म्हणजे एकच एक गोधडी होती. जमावाची नस अचूक पकडणाऱ्यांनाही लांबची माणसं धूसरच दिसत होती, हे नोंदवून ठेवायला हवं.

शिट्ट्यांची झुंड

मार्च १८६१. रिचर्ड वाग्नरचा 'टानहॉयझर' पॅरिस ऑपेरात. प्रथेप्रमाणे बॅले मध्यावर हवा, कारण जॉकी क्लबचे उमराव निवांत जेवून उशिरा येत आणि त्यांना आपापल्या नर्तकी बघायच्या असत. वाग्नरने बॅले पहिल्याच अंकात घातला. क्लबचे सदस्य शिट्ट्या घेऊन आले आणि प्रयोग उधळला. तीन प्रयोगांनंतर ऑपेरा काढून घ्यावा लागला. झुंड फाटक्या कपड्यांतच असते असं नाही.

ह्या प्रकरणात वाग्नरवर अन्याय झाला, यात वाद नाही. पण हाच वाग्नर वीस वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये उपाशी दिवस काढत होता, तेव्हा त्याच्यासाठी शिफारसपत्रं लिहिणारा माणूस मेयरबेअर होता. ड्रेस्डेनमध्ये 'रिएन्झी' लागला त्यात त्या शिफारसीचा हात होता. 'रिएन्झी' स्वतःच नखशिखांत ग्रँड ऑपेरा. १८५० मध्ये वाग्नरने टोपणनावाने एक लेख छापला : ज्यू माणूस खरी कला निर्माण करू शकत नाही, फक्त नक्कल करू शकतो. रोख कुणावर हे उघड होतं. १८६९ मध्ये, मेयरबेअर मेल्यावर, तोच लेख त्याने स्वतःच्या नावाने पुन्हा छापला.

मेयरबेअर मागे पडला त्याला इतरही कारणं आहेत. त्याचे ऑपेरे लांबलचक आणि खर्चिक. 'युग्नो'ला एकाच वेळी सात तगडे गायक लागतात. रुचीही बदलली. पण 'उथळ', 'दिखाऊ', 'उपरा' ही जी विशेषणं त्याला चिकटली, त्यांत संगीताची चिकित्सा किती आणि त्याच्या जातकुळीचा द्वेष किती, हे वेगळं करणं अवघड होऊन बसलं. १९३३ नंतर नाझींनी जर्मनीत त्याचे प्रयोग बंदच केले. धर्माच्या नावाने माणसं मारणाऱ्या जमावाची सगळ्यात भेदक चित्रं ज्याने रंगमंचावर आणली, त्याचं संगीत तसल्याच जमावाने गाडलं.

मागे काय उरलं

पुष्कळ. व्हर्दीने 'डॉन कार्लोस' (१८६७) पॅरिससाठीच लिहिला. त्यात राजाच्या मिरवणुकीत धर्मद्रोह्यांना जाळतात आणि लोक जयजयकार करतात. 'आयदा'चा विजयोत्सव त्याच कुळातला. ज्या ल पेलतिए थिएटरात हे सगळं घडलं, ते १८७३ मध्ये जळालं. आज पर्यटक फोटो काढतात तो पॅले गार्निए १८७५ मध्ये उघडला, आणि उद्घाटनाच्या रात्री 'ज्यू मुलगी'चे दोन अंक आणि 'युग्नो'तला तोच खंजिरांच्या आशीर्वादाचा प्रसंग झाला. समोर फ्रान्सचे सत्ताधारी बसले होते. अलीकडे हे ऑपेरे परतू लागलेत. 'युग्नो' २०१८ मध्ये पॅरिसला पुन्हा झाला.

कला समाज सुधारते, असं मी म्हणणार नाही. शेकडो वेळा 'युग्नो' पाहिलेल्या शहरात १८९० च्या दशकात ड्रेफ्युस प्रकरण घडलं आणि 'ज्यूंना मारा' अशा घोषणा रस्त्यावर घुमल्या. ऑपेरा बघून घरी गेलेले लोकही त्यांत असतील. सरकारी अनुदान, कंत्राटदाराचा नफा, भाडोत्री टाळ्या, सेन्सॉरची कात्री, ह्या सगळ्यातून वाट काढून काही माणसांनी एवढंच केलं : जमावाला आरसा दाखवला, तोही तिकीट काढून बघावासा वाटेल असा. आरशात बघायचं की नुसत्या चौकटीचं कौतुक करायचं, हे बघणाऱ्यावर.

यूट्यूबवर 'युग्नो'चा चौथा अंक सापडेल. भाषा कळली नाही तरी चालेल. तो खंजिरांचा प्रसंग ऐका. सगळे एका सुरात गात असताना तो एकटा नव्हेर कधी वेगळा होतो, त्याकडे लक्ष ठेवा. आवाज फार मोठा नाहीये त्याचा. ऐकलंत तर खाली नक्की लिहा.